चष्मेवाल्यांचं मांजर

चष्मेवाल्यांच्या दुकानात नजर तपासायची एक खास रीत होती. लांबचं दिसतं का हे पाहायला भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. तसा तो सगळ्याच दुकानांत असतो. पण जवळचं दिसतं का हे पाहायला चष्मेवाले गिऱ्हाइकाच्या हातात त्या दिवशीचा पेपर ठेवत. त्यासाठी छापील कार्ड मिळतं, त्यांच्याकडेही एक ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं, पण त्यावरची वाक्यं त्यांना फार मिळमिळीत वाटत.

"हं, ही खालची चौकट वाचा," ते म्हणत.

गिऱ्हाईक बिचारं नाकावरची ती तपासणीची जड गोल फ्रेम सांभाळत वाचू लागे, "शीतपेयाच्या यंत्रात हात अडकल्याने एक इसम अख्खी सकाळ..."

"स्पष्ट दिसतंय? छान. आता मला सांगा, या माणसाला घरी काही कामधंदा नसेल का? हात घातलाच कसा त्याने? अशी माणसं असतातच कशी?"

तिथून जी गाडी सुटायची ती थांबायचं नाव नाही. यंत्रातला हात, पोपटाच्या नावाने घर करून गेलेल्या बाई, गाढ झोपेत शेजारच्या गावी पोचलेला पाहुणा, सगळ्यांचा समाचार घेतला जाई. गिऱ्हाइकाला उठून जायची सोय नसे, कारण त्याचा स्वतःचा चष्मा तेवढा वेळ चष्मेवाल्यांच्या खिशात असे.

पहिल्या पानावरच्या मोठमोठ्या बातम्यांशी चष्मेवाल्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव आतल्या पानावरच्या 'नवलाई' या सदरात आणि त्याच्या शेजारी छापल्या जाणाऱ्या वाचकांच्या पत्रांत. एकीकडे जगातले विक्षिप्त लोक आणि दुसरीकडे त्यांच्याबद्दल मतं असणारे लोक, असं ते पान होतं. चष्मेवाले पहिल्यांना हसत, दुसऱ्यांशी भांडत, आणि एवढं झालं की त्यांचा दिवस सार्थकी लागे. पाठीमागे सगळे त्यांना 'अग्रलेख' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

घरीही तोच खाक्या. त्यांची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. तिच्यासमोर बसलेली माणसं सुई पाहून आपोआप गप्प होत, त्यामुळे तिला शांततेची सवय होती. सकाळी मात्र टोस्टबरोबर तिला पोपट आणि पाहुणे ऐकून घ्यावे लागत. ती "हं" म्हणे. आवाज चढला की "बरं" म्हणे. इतकी वर्षं तिने या दोन शब्दांवर संसार केला.

मग मुख्याध्यापिकाबाईंचं प्रकरण झालं. बाईंनी दोन चष्मे करायला टाकले होते, एक लांबचा, एक वाचायचा. काचा बसवायच्या दिवशी पोपटाच्या घरावर कुणाचा तरी दावा लागल्याची बातमी होती. बोलण्याच्या भरात चष्मेवाल्यांनी वाचायच्या काचा लांबच्या फ्रेममध्ये बसवल्या. बाई तो चष्मा घालून बाहेर पडल्या आणि बसथांब्यावरच्या एका परक्या गृहस्थाला "भावोजी, कधी आलात?" म्हणत हाताला धरून निम्म्या रस्त्यापर्यंत घेऊन गेल्या. गृहस्थही भिडस्त निघाले.

पुढे बाई रक्त द्यायला लॅबमध्ये आल्या तेव्हा दंड पुढे करून त्यांनी हे सगळं चष्मेवाल्यांच्या बायकोला ऐकवलं. शेवटी म्हणाल्या, "मी नजर तपासायला गेले होते हो. मतं ऐकायला नाही."

त्या संध्याकाळी बायकोने ना 'हं' म्हटलं ना 'बरं'. ती म्हणाली, "उद्यापासून पेपर बंद. महिनाभर. घरीही आणि दुकानातही."

"मला काय व्यसन आहे का?" चष्मेवाले ताठ्यात म्हणाले. "महिनाच काय, वर्षभर नको. शपथ."

"महिना पुरे," बायको म्हणाली. तिला माणूस ठाऊक होता.

पहिले काही दिवस चष्मेवाले तोऱ्यात होते. मग त्यांना काहीतरी वाचल्याशिवाय घास उतरेना. टोस्ट खाताना ते जॅमच्या बाटलीवरचा मजकूर वाचू लागले. "'थंड जागी ठेवावे.' किती थंड? कुणासाठी थंड? कसलं मोघम लिहितात बघ!" बायकोने बाटली फडताळात ठेवली. दुकानात काचा ज्या रद्दीत गुंडाळून येत ती ते सरळ करून वाचू लागले, पण त्यात बातमीचा पुढचा भाग नेमका दुसऱ्याच काचेभोवती असे. टीव्हीवरच्या चर्चा त्यांना कधीच रुचल्या नव्हत्या, तिथे माणसं एकमेकांनाच बोलू देत नाहीत, मग ऐकणाऱ्याला काय देणार! आणि मोबाईलवर बातम्या वाचणं म्हणजे शपथ मोडणंच झालं असतं.

अशात ती सकाळ उजाडली.

चष्मेवाल्यांच्या बाल्कनीला लागून शेजारच्या वकीलबाईंची बाल्कनी होती. मध्ये फक्त उभे लोखंडी गज. वकीलबाई एकट्या राहत. सकाळी पेपर आला की त्या तो पलीकडच्या खुर्चीत टाकत, उडून जाऊ नये म्हणून वर एक छोटी कुंडी ठेवत आणि कोर्टात निघून जात. वाचायच्या संध्याकाळी. बातम्या दिवसभर शिळ्या होत पडून राहतात आणि ही बाई खुशाल साक्षी-पुरावे करत बसते, हे चष्मेवाल्यांना कधी उमगलंच नव्हतं.

त्या दिवशी ते दाढी करून टॉवेल वाळत घालायला बाल्कनीत आले. पेपर दुमडलेला होता आणि दुमड बरोबर 'नवलाई'वर आली होती. ठळक अक्षरं इतकी मोठी की गजांपलीकडूनही दिसत होती:

'विमानात प्रवाशाची टोपी हलू लागली! आत निघालं...'

पुढचा शब्द कुंडीखाली.

चष्मेवाल्यांनी टॉवेल वाळत घातला. तो नीट केला. परत काढून झटकला आणि पुन्हा घातला. आत काय निघालं? उंदीर नाही, उंदीर 'निघाला' असता. पाल असती तर 'निघाली' छापलं असतं. 'निघालं' म्हणजे नपुंसकलिंगी काहीतरी. पाखरू? घुबड? मांजराचं पिल्लू? पण मांजराचं पिल्लू टोपीखाली गप्प बसेल का? ते आत गेले, चहा घेतला, आणि छत्री घेऊन परत आले.

छत्रीचं टोक गजांतून घालून त्यांनी कुंडी ढकलली. ती सरकली, पण खाली मोठं अक्षर नव्हतंच; उत्तर बारीक अक्षरांत होतं आणि ते वाचता येईना. दुसऱ्यांचे नंबर तपासण्यात जन्म गेलेल्या या माणसाने स्वतःचा नंबर कितीतरी वर्षांत तपासला नव्हता. त्यांनी कपाळ गजांना टेकवलं. थोडं राहिलं. मान तिरकी केली, कान सपाट झाले, आणि डोकं सुळकन पलीकडे गेलं.

कासव.

"कासवच!" चष्मेवाले समाधानाने पुटपुटले. त्यांनी बातमी शेवटपर्यंत वाचली. प्रवाशाने टोपीखाली कासव लपवलं होतं. त्याला घरी एकटं करमत नाही, असं त्याचं म्हणणं. 'त्याला' म्हणजे कासवाला की प्रवाशाला, ते बातमीदाराने स्पष्ट केलं नव्हतं. "अशी माणसं असतातच कशी?" चष्मेवाले म्हणाले आणि डोकं मागे घेऊ लागले.

ते आलं नाही.

आत जाताना कान मागे दुमडले होते, ते बाहेर येताना पुढे दुमडायला तयार नव्हते. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. या खटाटोपात नाकावरचा चष्मा सुटला आणि पेपरवर जाऊन पडला. आता समोर फक्त एक पांढरा ठिपका होता आणि त्यात कुठेतरी कासव.

"अहो, टोस्ट गार होतोय," आतून बायकोचा आवाज आला.

"तू खा."

"काय करताय तिकडे?"

"हवा खातोय."

बायको बाल्कनीत आली. तिला नवऱ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दिसला, पाठ दिसली, आणि खांद्यांच्या वर काहीच दिसलं नाही. मग चष्मेवाल्यांना मागून एक विचित्र आवाज ऐकू आला. त्यांना वाटलं ती रडतेय.

"अगं, रडू नकोस. मला काही झालेलं नाही."

"मी रडत नाहीये," ती कशीबशी म्हणाली आणि आत जाऊन पोट धरून हसून आली.

साबण झाला, तेल झालं. तिने कमरेला धरून ओढून पाहिलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी असा आवाज काढला की खालच्या मजल्यावरचे वर पळत आले. सगळ्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं बर्फ लावा, कुणी म्हणालं दीर्घ श्वास सोडा. "डोक्यातून कुठे श्वास सोडतात?" चष्मेवाले पलीकडच्या बाल्कनीत ओरडले. शेवटी बायकोने अग्निशमन दलाला फोन लावला.

गाडी घंटा वाजवत आली आणि तिच्यामागोमाग स्कूटरवरून बातमीदार मुलगी. गज फाकवायचं यंत्र घेऊन दलाचा नायक वर आला. दांडगा पण प्रेमळ माणूस होता.

"घाबरू नका आजोबा," तो म्हणाला.

"आजोबा कोण?" चष्मेवाले गजांपलीकडून गरजले.

यंत्राने कुरकुर करत गज वाकवले आणि चष्मेवाल्यांचं तेलकट, साबणाळलेलं डोकं बाहेर आलं. कान बिटासारखे लाल झाले होते. जिन्यातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नायकाने खिशातून पेन काढलं.

"डोकं कशासाठी घातलं होतं?"

चष्मेवाल्यांनी पाहिलं. बायको हाताची घडी घालून उभी. तिच्यामागे अर्धी इमारत. त्यांच्या डोक्यात अजून मघाची नपुंसकलिंगी यादी घोळत होती, त्यातलं जे हाताला लागलं ते बाहेर पडलं.

"मांजर."

"कसलं मांजर?"

"पिल्लू. पलीकडे अडकलं होतं."

"मग आता कुठे आहे?"

"गेलं."

"गेलं म्हणजे?"

"मी अडकलो, तोवर ते सुटलं," चष्मेवाले म्हणाले.

बायकोने भुवई उचलली. बातमीदार मुलगी भराभर लिहून घेत होती.

संध्याकाळी वकीलबाई दारात उभ्या. हातात चष्मा. चष्मेवाले दुसरा चष्मा लावून बसले होते; त्यांना चष्म्यांना काय तोटा!

"हा तुमचाच ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"हो हो. या ना, बसा."

"उभीच बरी आहे. पिल्लू कोणत्या रंगाचं होतं?"

"रंग... करडा."

"खाली 'पांढरं' सांगितलंत म्हणे."

"पांढरट करडा."

"बरं. कुंडी जागची सरकलेली आहे. तुमच्या छत्रीच्या टोकाला माती आहे, ती कोपऱ्यात उभी आहे ती. आणि हा चष्मा माझ्या पेपरवर उघडा पडला होता, कासवाच्या बातमीवर." वकीलबाईंनी चष्मा त्यांच्या हातात ठेवला. "मांजर वाचत होतं का?"

स्वयंपाकघरात कपबशी वाजायची थांबली.

"मी आपण होऊन कुणाला काही सांगणार नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. धंद्याची शिस्त आहे." आणि त्या गेल्या.

बायकोने सगळं ऐकलं होतं. शपथ मोडल्याबद्दल ती आता काहीतरी बोलेल म्हणून चष्मेवाले जेवताना अंग चोरून बसले. ती एक अवाक्षर बोलली नाही. त्यापेक्षा यंत्र बरं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको खाली जाऊन आली ती पेपर घेऊन. टोस्ट समोर ठेवला, खुर्ची ओढली, पान उलटलं.

"ऐका."

"मी पेपर सोडलाय," चष्मेवाले पडेल आवाजात म्हणाले.

"वाचू नका ना. ऐका. 'मुक्या जिवासाठी वृद्धाची मान गजांत.'"

"वृद्धाची?"

"'येथील एका जराजर्जर व्यावसायिकाने...'"

"जराजर्जर! मी? त्या पोरीला म्हणावं, माझ्याबरोबर चार जिने चढून दाखव!"

"मध्ये बोलू नका. मलाही बोलू देत नाही तुम्ही," बायको म्हणाली आणि चवीचवीने शेवटपर्यंत वाचून काढलं. बातमी 'नवलाई'तच होती. वर एका शेतातला प्रचंड भोपळा, खाली चमचे गोळा करणारा माणूस, आणि मध्ये चष्मेवाले. नाव नव्हतं. फोटो होता, तो पाठमोरा. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा ठळक आला होता.

"माझं मत विचाराल," बायको टोस्टचा तुकडा मोडत म्हणाली, "तर माणसाने अशा वेळी निदान पायजमा इस्त्रीचा घालावा."

तिला मत असतं हेच चष्मेवाल्यांना नवीन होतं.

त्यानंतर पेपरात पत्रं यायला लागली आणि बायको रोज सकाळी ती वाचून दाखवू लागली. एकाने लिहिलं होतं की आजच्या स्वार्थी जगात असा आजोबा विरळा. दुसऱ्याने विचारलं होतं की अशा वयात माणसाला बाल्कनीत मोकळं सोडणाऱ्या कुटुंबाची काही जबाबदारी नाही का. ते ऐकताना बायकोचा चहा हिंदकळला. "मोकळं सोडणाऱ्या? मी काय यांना बांधून ठेवू?" ती भडकली. तिसऱ्या पत्रात दोन गजांमध्ये किती अंतर असावं याचं विवेचन होतं. चौथ्याने लिहिलं होतं, 'अशी माणसं असतातच कशी?'

ते वाक्य ऐकून चष्मेवाले चहा ढवळायचे थांबले.

"हे तुम्ही तर पाठवलं नाहीत ना?" बायकोने विचारलं.

नाव छापलेलं नसल्यामुळे इमारतीबाहेर फारसं कुणाला कळलं नाही, एवढीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट. भाजीच्या दुकानात मात्र एक बाई त्यांच्या पाठीकडे बघत मैत्रिणीला म्हणाली, "कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात." चष्मेवाले वळले, तशी ती म्हणाली, "नाही, नाही. समोरून नाही."

खरा घाव बसला तो दुकानात. बँकेतले एक साहेब नंबर वाढला म्हणून आले. चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीची फ्रेम चढवली आणि ड्रॉवरमधलं कार्ड काढलं.

"हे काय? पेपर नाही आज?" साहेबांनी विचारलं.

"बंद केलाय."

"थांबा, माझ्याकडे आहे." साहेबांनी बगलेतला पेपर उलगडला आणि डोळे बारीक करत पत्रं शोधली. "हे त्या मांजरवाल्या म्हाताऱ्याचं वाचलंत? लोकही किती भोळे असतात बघा. मी सांगतो तुम्हाला, मांजर-बिंजर काही नसणार. शेजारी बाई राहते, एकटी. म्हातारा आत डोकावत असणार! आमच्या ऑफिसात सगळ्यांचं हेच मत आहे."

चष्मेवाल्यांनी हातातली काच उलटीकडून पुसली, सुलटीकडून पुसली आणि फ्रेममध्ये बसवली. साहेबांना समोरचा धूसर माणूस एकदम स्वच्छ दिसू लागला.

"वा! आता कसं! बोला ना, अग्रलेख... म्हणजे, तुम्हाला काय वाटतं?"

एरवी ज्या माणसाला भोपळ्यापासून चमच्यांपर्यंत सगळ्याबद्दल काही ना काही वाटायचं, तो चष्मेवाला कार्ड पुढे धरून म्हणाला, "डावा डोळा झाका."

घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. बायकोने न विचारताच पाणी दिलं.

"प्राणिमित्र मंडळाची माणसं पेपरवाल्यांकडून पत्ता घेऊन आली होती," ती म्हणाली. "रविवारी तुमचा सत्कार करायचाय त्यांना."

"सांग नाही म्हणून."

"मी हो म्हणून सांगितलंय."

"का?"

"तुम्हाला बोलायला मिळेल," बायको म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून तो टोमणा होता की माया, ते कळेना.

सत्कार वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. खुर्च्या बऱ्याचशा भरल्या होत्या. पहिल्या रांगेत बायको, तिच्या शेजारी वकीलबाई, कोपऱ्यात बातमीदार मुलगी. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे जनावरांचे डॉक्टर; त्यांनी भाषणात चष्मेवाल्यांना 'करुणेचा सागर' म्हटलं. एका बाईंनी पुष्पगुच्छ दिला. मग अध्यक्षांनी टेबलाखालून एक वेताची टोपली वर काढली. आत करड्या रंगाचं मांजराचं पिल्लू झोपलेलं होतं.

"तुम्ही ज्याला वाचवलंत त्याच्या आठवणीसाठी, मंडळातर्फे!"

टाळ्या पडल्या. चष्मेवाल्यांनी टोपलीत पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. वकीलबाई आपली नखं न्याहाळत होत्या. बायको सरळ त्यांच्याकडेच बघत होती. बँकेतल्या साहेबांचं ऑफिस त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. कुणी वकीलबाईंना विचारलं तर त्या खरं सांगणारच. आणि कुणी नाही विचारलं तर लोक तेच म्हणत राहणार.

ते उठले.

"मंडळी, मांजर नव्हतं," ते म्हणाले.

बातमीदार मुलीने वही उघडली.

"करड्या रंगाचं नव्हतं आणि पांढरंही नव्हतं. मुळात नव्हतंच. घरी माझा पेपर बंद होता. शेजारच्या बाल्कनीत पेपर पडला होता, तो वाचायला मी डोकं घातलं. आत गेलं, बाहेर आलं नाही. एवढंच."

अध्यक्ष टाळ्या वाजवत उभे राहिले. "पाहिलंत! किती हा विनय! केलेल्या उपकाराचा उच्चारसुद्धा नको!" सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागच्या एका आजींनी डोळे पुसले.

"अहो, विनय नाही हो!" चष्मेवाले काकुळतीला आले. "खरं सांगतोय. बातमी काय होती तेही सांगतो. विमानात एका माणसाची टोपी हलत होती, आणि टोपीखाली कासव निघालं!"

टाळ्या थांबल्या.

"कोणत्या जातीचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते दिलं नव्हतं."

"मग अर्धवट बातमी आहे," अध्यक्ष म्हणाले. "पाण्यातलं असेल तर टोपीखाली ठेवणं म्हणजे क्रौर्य."

"आणि जमिनीवरचं असेल तर नाही का?" पुष्पगुच्छवाल्या बाई ताडकन उठल्या. "टोपीत हवा कुठे असते?"

"मग काय घरी एकटं ठेवायचं?" मागून एक गृहस्थ म्हणाले. "माझ्या भावाकडे कासव आहे. तो गावाला गेला की ते खात नाही."

"पण विमान कंपनीने काय केलं? उतरवलं का दोघांना?"

"तिकीट होतं का कासवाचं?"

"टोपी हे सामान नाही," वकीलबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. नखं बघायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. "टोपी हा पोशाख आहे. पोशाखाची तपासणी आणि सामानाची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"हा कुठला न्याय?" पुष्पगुच्छवाल्या बाई गरजल्या. "उद्या कुणी कोटात बकरं नेईल!"

बघता बघता खुर्च्या फिरल्या, माणसं गटागटाने भांडू लागली. अध्यक्ष फळ्यावर कासवाच्या नाकपुड्या काढून दाखवू लागले. बातमीदार मुलीने एक वही संपवून दुसरी काढली. सत्कारमूर्तीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ते टोपलीशेजारी उभे राहून आळीपाळीने ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होते. दोनदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा कुणीतरी "थांबा हो, माझं पुरं होऊ द्या" म्हणालं.

दिवे मालवायला शिपाई आला तेव्हा सभा उठली. मंडळी भांडत भांडतच जिना उतरली. टोपली टेबलावरच राहिली. पिल्लू आता जागं होऊन पुष्पगुच्छातलं एक फूल खात होतं.

"याचं काय करायचं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

वकीलबाईंनी टोपली उचलली. "मी नेते. माझ्या बाल्कनीत मांजर होतं, असं तुम्ही अधिकाऱ्यासमोर सांगितलंय. निदान इथून पुढे तरी ते खरं असू दे." एवढं बोलून त्या पुढे झाल्या. जिन्यात त्या पिल्लाला काहीतरी विचारत होत्या आणि ते म्याँव म्हणत होतं.

नवरा-बायको पायीच निघाले. बराच वेळ चष्मेवाले मान खाली घालून चालत होते. शपथेचा विषय आता निघणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"मला एक सांगा," बायको म्हणाली. "तो माणूस झोपला असता आणि टोपी पडली असती तर?"

चष्मेवाले थबकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने आपण होऊन त्यांचं मत कधी विचारलं नव्हतं.

"तर कासव चालत पुढे गेलं असतं," ते जपून म्हणाले.

"पुढे कशाला जाईल? मागे गेलं असतं. उताराच्या बाजूला."

"विमानाला कुठला उतार?"

"चढताना असतो ना! तुम्ही कधी नीट बघता का?"

"अगं, चढताना सगळ्यांना जागेवर बसवतात."

"कासवाला कोण बसवणार?"

घर आलं तरी हे मिटलं नाही. जिन्यात त्यांचे आवाज इतके चढले की खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून पाहिलं. पुन्हा काही अडकलं की काय, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलं की सत्कारमूर्तींनी कासवांच्या हवाई प्रवासाबद्दल अत्यंत परखड मत मांडलं आणि श्रोत्यांना मंत्रमुग्ध केलं. चष्मेवाल्यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. त्यांनी टोस्ट बाजूला ठेवून हात पुढे केला.

बायकोने पेपर आपल्याकडे ओढून घेतला. "थांबा जरा," ती पान उलटत म्हणाली. "माझी पत्रं वाचायची राहिलीत."